सोंडेच्या मुळाशी

१८ ऑगस्ट

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच फेकशील, या भीतीनं पत्ता ऑफिसातल्या शिपायाकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर पुरतं वाच. फोनही केला असता, पण मागच्या वेळी माझा आवाज ऐकल्याबरोबर तू ठेवून दिलास. पत्र रागानं बाजूला टाकलंस तरी नंतर उचलता येतं, एवढीच आशा.

मी सध्या घरी आहे. घरी म्हणजे टोकावर, ओळीतल्या आपल्या घरात, बाबांजवळ. त्यांना वाटतंय मी रजेवर आले. खरं तर मला भूगर्भ खात्यानं कामावर पाठवलं आहे. मुख्य जमिनीकडून टोकाकडे येणारा रस्ता जिथे अरुंद होतो, त्या मानेवर भेग पडली आहे. उन्हाळ्यात केसाएवढी होती म्हणे. आता तिच्यात माझं बोट जातं. रस्तेवाल्यांनी डांबर ओतून ती बुजवली, ती पुन्हा उघडली. पुन्हा बुजवली, पुन्हा उघडली. मग कुणीतरी आमच्या खात्याला कळवलं आणि साहेबांनी फाइल माझ्या टेबलावर ठेवली. "तुझंच गाव ना? राहायची सोय झाली," म्हणाले.

वरून बघितलंस तर टोक तू सोडून गेलास तसंच आहे. मुठीसारखं समुद्रात घुसलेलं. सपाट काळा कातळ, त्यावर खाण कामगारांच्या घरांची आपली ओळ, पुढे शाळा, आणि अगदी शेवटी तो पडका टेहळणी बुरूज. तोफ फिरवायची दगडी गोल जागाही शाबूत आहे. वरून काहीच कळत नाही. खाली उतरलं की कळतं. काळ्या कातळाखालचा तो तांबडा मऊ थर आठवतो ना, ज्याच्या खड्यांनी आपण भिंतीवर रेघोट्या मारून मार खायचो? तो लाटांनी आतून खाल्ला आहे. मानेच्या दक्षिण अंगाला तर इतका, की वरचा रस्ता सज्ज्यासारखा नुसता बाहेर लोंबतो आहे.

तिथेच पूर्वी सोंड होती. समुद्रात उतरत गेलेला तो लांबट खडक लाटा अंगावर घ्यायचा आणि मान सुखात असायची. खाणीनं सोंड कापून नेली. तिचा दगड तुझ्या बंदराच्या भिंतीत बसला आहे. त्या भिंतीआडच्या शांत पाण्यात तू रोज गाळ उपसतोस, हे मी तुला वेगळं सांगायला नको.

आता ज्यासाठी लिहितेय ते. सोंडेच्या मुळाशी शेवटचा सुरुंग लागला त्या दिवशी भोकं तू पाडली होतीस. ती नेमकी कुठे होती? किती खोल? कातळ आतपर्यंत किती हलला आहे ते त्यावरून कळेल. मला हे फक्त कामासाठी हवं आहे. त्या दिवसाबद्दल बाकी काही विचारत नाही.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे. विचारतेच आहे मी. चौकशीत तू म्हणालास की सुरुंगाची दारू दुप्पट भरली होती. खाणीचे मुकादम म्हणून ती भरणारे बाबा म्हणाले, नेहमीइतकीच. तीन माणसं दरडीखाली गेली, त्यांत शेजारचे काका. आणि चौकशीनं लिहिलं की दरड पावसानं आली. सगळ्या ओळीनं तुला खोटारडा ठरवलं आणि तू गेलास. मी तेव्हा शाळेत होते. घरात जे बोललं जायचं तेच माझ्या कानावर पडलं.

मावशी, काकांच्या मागे एकटी, अजून शेजारीच आहे. आई गेल्यावर आपल्या दोघांना वाढायची तसं आता बाबांना वाढते. काका बाबांच्याच सुरुंगाच्या दिवशी गेले, तरी रोज संध्याकाळी ती आपल्या पायरीवर येऊन बसते. दोघं फारसं बोलत नाहीत. समुद्राकडे बघतात.

बाबांची तब्येत बरी आहे. तुझं नाव ते काढत नाहीत. भेगेची काळजी करू नकोस, मी लक्ष ठेवून आहे.

तुझी,
धाकटी


३० ऑगस्ट

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "सोंडेच्या मुळाशी, तांबड्या थराच्या हातभर वर. मला यात पुन्हा ओढू नकोस." एवढंच. पण तू लिहिलंस, हे मला पुष्कळ झालं.

काल मोठी ओहोटी होती. दोर बांधून मी खाली उतरले. तू म्हणालास तिथेच, शेवाळ खरवडल्यावर, भोकांच्या अर्ध्या नळ्या कातळात दिसल्या. जणू कुणी बोटांनी लोण्यात ओढलेल्या. खाणीत इतरत्र अशा नळ्या शेकड्यांनी आहेत. त्यांच्या भोवती तडे असतात, पण हातभर जाऊन ते विरतात. इथे तसं नाही. नळीच्या बुडाशी दगडाचं पीठ झालेलं आहे. तडे तिथून सुटतात, तांबड्या थरात शिरतात आणि सरळ मानेखाली जातात. मी विजेरी घेऊन आत सरपटत गेले. माझी विजेरी संपली, तडे संपले नाहीत.

नेहमीच्या दारूनं असं होत नाही, दादा. दुप्पट की त्याहून जास्त, ते मी सांगू शकणार नाही. पण नेहमीइतकी नव्हती.

तू खरं बोलला होतास. हे मला इतक्या वर्षांनी कातळाला विचारून कळावं, याची लाज वाटते. जास्त लिहीत नाही, नाहीतर तू म्हणशील, आता काय उपयोग.

वर आले तर बाबा कड्यावर उभे. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. दोराला हात लावून त्यांनी गाठ बघितली आणि हात काढून घेतला. जेवताना म्हणाले, "रजेवर आलेली माणसं दोर बांधून कड्यावरून उतरत नाहीत."

मी पाण्याचा पेला पुढे ओढला.

"रस्त्यावर भेगेवर काचेच्या पट्ट्या कोणी चिकटवल्या?"

"मी. भेग हलली की काच तडकते. तेवढ्यासाठी."

"म्हणजे तू कामावर आलीस. आणि मला सांगितलं रजा."

"हो."

"तिथे सोंडेजवळ काय शोधत होतीस?"

"कातळ का हलतोय ते."

त्यांनी ताट सरकवलं. "समुद्र आहे. समुद्र खातो. त्याला कारण लागत नाही." मग दाराशी जाऊन, माझ्याकडे पाठ करून विचारलं, "त्यानं पाठवलं तुला?"

मी म्हटलं, "मला खात्यानं पाठवलं."

मागच्या पत्रात लिहिलं होतं की ते तुझं नाव काढत नाहीत. ते खरं नव्हतं. नाव काढत नाहीत, पण पोस्टमन ओळीत शिरला की दाराशी येतात, आणि तो पुढे गेला की विचारतात, "बंदराकडचं काही होतं का?" हे तुला सांगायचं की नाही, मी ठरवू शकत नव्हते. तुला वाटेल, मी तुला मऊ करतेय.

अक्षर वाकडं आलं असेल तर माफ कर. उतरताना थोडं खरचटलं.

तुझी,
धाकटी


९ सप्टेंबर

दादा,

काचेच्या पट्ट्या फुटल्या. सगळ्या. नव्या चिकटवल्या, त्या परवाच्या लाटांनंतर फुटल्या. भेगेत आता हात जातो. कान लावला की खालून हवा येते आणि तिला समुद्राचा वास असतो. रस्त्यातून, दादा. डांबरातून.

मी साहेबांना फोन केला. टोक रिकामं करावं लागेल, आणि लवकर, असं सांगितलं. ते म्हणाले, अहवाल पाठव, मी आजच वर धाडतो. मग म्हणाले, "कारण वगैरे फार खोलात जाऊ नकोस. लाटांनी झीज, एवढं पुरे. जुनी चौकशी उकरली तर दहा सह्या लागतील आणि तोवर रस्ता समुद्रात असेल." त्यांचं चूक नाही. खरं सांगू का, मला ते ऐकून हायसं वाटलं. लाटांनी झीज. बाबांचं नाव नाही, तुझं नाव नाही, कुणाचंच नाही.

पण ओळ हलायला तयार नाही! ओळीतले सगळे ज्याला रेडिओ म्हणायचे तो आठवतो ना, ज्याला बातमी पोटात ठेवता यायची नाही? म्हातारा झाला, आवाज तोच. काल भर रस्त्यात मला अडवून म्हणाला, "हे टोक माझ्या पणजोबाच्या आधीपासून उभं आहे. इथे होड्यांना वाट दाखवायला जाळ करायचे, मग बुरूज आला, तोफा आल्या, खाण आली. सगळे आले आणि गेले, टोक जागचं हललं नाही. तुझ्या बोटभर काचेला काय कळतंय?" सगळे हसले. मीही हसले. मग घरात जाऊन दार लावून घेतलं.

त्यांना भिंत हवी आहे. खालून भिंत बांधा, आम्ही कुठे जात नाही, म्हणतात. लाटांनीच झीज होत असेल तर भिंतीनं थांबेल, हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. भिंत का चालणार नाही हे सांगायचं तर आतले तडे सांगावे लागतात. तडे सांगितले की कशानं पडले हे सांगावं लागतं. मी गोल गोल फिरून पुन्हा त्याच भोकांपाशी येते.

परवा शाळेत सगळ्यांना बोलावलं आहे. बाबा येणार आहेत. परवापर्यंत मला ठरवायचंय की त्यांच्या देखत, त्यांच्याच माणसांपुढे काय बोलायचं. एका मुलानं त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली. आता दुसरीनं द्यायची. तू हे एकदा केलं आहेस. रात्रभर झोप लागली होती का तुला आधी? वेडा प्रश्न आहे, पण विचारायला दुसरं कोण आहे मला.

तू येऊ शकशील का? दूर उभा राहिलास तरी चालेल.

मनगट मोडलं आहे. उजवं. खरचटलं म्हणाले होते ते हे. मावशीनं शिव्या घालत फळकुट बांधलं, मग दवाखान्यात प्लास्टर झालं. हे सगळं डाव्या हातानं लिहिते आहे, म्हणून तक्रार न करता वाच.

धाकटी


१२ सप्टेंबर

दादा,

तू आला नाहीस. बरोबरच केलंस. पण जे झालं ते मी तुला जसंच्या तसं सांगणार आहे, माझी मतं मध्ये न घालता.

शाळेची मोठी खोली. बाकं लहान मुलांची, त्यामुळे सगळी मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. बाबा शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून. मावशी पुढे.

मी फळ्यावर टोक काढलं. एकेकाळी जमिनीतून जळता रस वाहिला, तो थिजून खालचा कातळ झाला. मग फार काळ काही झालं नाही, वर माती साठली. मग पुन्हा रस वाहिला आणि माती मध्ये दाबली गेली, भाजली, तांबडी झाली. म्हणून टोक म्हणजे दोन दगडांच्या मध्ये मातीचा थर. मातीला लाट लागली की ती विरघळते. सोंड होती तोवर लाट तिथपर्यंत पोचत नव्हती. सगळं नीट ऐकत होते. रेडिओसुद्धा.

तो म्हणाला, "मग सोंडेच्या जागी भिंत बांधा की."

मी म्हटलं, "भिंत उभी करायला मागे भक्कम कातळ लागतो. मागचा कातळ फुटलेला आहे."

"कशानं फुटला? शेजारचा तर नाही फुटला."

खडू माझ्या डाव्या हातात होता. मी म्हटलं, "सोंड कापताना…" आणि तिथेच अडकले. कोणीतरी म्हणालं, "बोल की." मी बाबांकडे बघायचं टाळत होते, आणि सगळ्यांना ते दिसत होतं.

मावशी उठली. म्हणाली, "तिला बोलायला लावू नका. लेकीच्या तोंडून ते वदवून घ्यायचं नाही." मग मागे वळली. ती बाबांना आयुष्यभर भाऊजी म्हणत आली, तुला माहीत आहे. काल म्हणाली, "मुकादम, तुम्ही सांगा. त्या दिवशी दारू किती भरली होती?"

बाहेर लाट आपटली की काचा किंचित थरथरत होत्या. मला वाटलं ते उठून निघून जातील. ते उठले. बाकात अडकलेले पाय सोडवायला त्यांना वेळ लागला, आणि कुणी हात द्यायला पुढे झालं नाही.

"दुप्पट," बाबा म्हणाले.

मावशी तशीच उभी.

"दगड नेणारं बार्ज ओहोटीच्या आत निघायला हवं होतं. वरून घाई होती. पण दारू वरून कोणी भरली नाही. हात माझा. पोरगा म्हणाला होता, बाबा, इथे एवढी नको, खालचा थर मऊ आहे. मी म्हटलं, तू भोकं पाड, बाकीचं मला शिकवू नकोस." थोडं थांबून म्हणाले, "चौकशीत खरं सांगितलं असतं तर खाण त्याच दिवशी बंद झाली असती. एवढ्या घरांचं काय, असं वाटलं. मला ओळ वाचवायची होती."

मावशी म्हणाली, "ओळ वाचली. आमचे हे गेले आणि तुमचा पोरगा गेला."

ती ओरडली नाही. साधं सांगितलं, आणि खाली बसली. बाबा उभेच राहिले. बसावं की जावं हे त्यांना कळत नव्हतं, आणि खोलीतल्या कुणालाही नव्हतं. दरडीखाली गेलेल्या दुसऱ्या माणसाचा भाऊ तिथे होता. तो उठला, बाबांच्या समोरून, त्यांच्याकडे न बघता, बाहेर निघून गेला.

मग रेडिओ म्हणाला, "ट्रक किती लागतील?"

त्या माणसाला मी कधीच काही वाईट म्हणणार नाही यापुढे.

घरी येताना मी मावशीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"तुझा भाऊ खोटं बोलणारा नव्हता. त्याला मी वाढवलं."

"मग इतकी वर्षं विचारलं का नाहीस?"

ती म्हणाली, "विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. मग मला तुमच्या घरात पाऊल टाकता आलं नसतं. तू एवढीशी होतीस. तुझी वेणी कोणी घातली असती?"

दादा, मी रस्त्यात उभी राहून रडले. ती थांबली नाही. पुढे चालत गेली, हात मात्र मागे धरला होता, मी येऊन पकडावा म्हणून.

धाकटी


२१ सप्टेंबर

दादा,

आम्ही सगळे सुखरूप आहोत. हे आधी लिहिते, कारण बातम्यांत तू काहीतरी भलतंच ऐकलं असशील.

ओळ तीन-चार दिवसांत रिकामी झाली. बाबा प्रत्येकाच्या घरी सामान उचलायला गेले. काहींनी घेऊ दिलं. काहींनी त्यांच्या हातातून पेटी काढून घेतली. ते पुढच्या घरी जात. मला वाटलं, चला, निदान हातपाय हलवताहेत. मला कळायला हवं होतं. स्वतःच्या घरातली एकही वस्तू त्यांनी बांधली नव्हती.

काल दुपारी उधाण येणार होतं. शेवटचा ट्रक मानेच्या अलीकडे, जमिनीवर, उभा केला होता, कारण रस्त्यावर चाक घालायचं धाडस चालकाला होईना. मावशी ट्रकमध्ये बसली होती. मी माणसं मोजली. बाबा नव्हते.

मी पळत परत गेले. मानेवर रस्त्याचा दक्षिणेकडचा अर्धा भाग वीतभर खाली बसला होता. मी उरलेल्या अर्ध्यावरून गेले. बाबा आपल्या पायरीवर बसले होते, दार उघडं, आत सगळं जागच्या जागी.

"चला," मी म्हटलं.

"तू जा. मी बघतो नंतर."

"नंतर रस्ता नसेल."

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

मी ओढलं. एका हातानं काय ओढणार? ओरडले, हात जोडले, तुझं नाव घेतलं. ते म्हणाले, "तू तुझं काम नीट केलंस. आता मला त्रास देऊ नकोस." असं शांतपणे, जणू मी त्यांना औषध घ्यायला लावत होते. पायाखालून एक आवाज आला, दादा. लाटेचा नव्हे. आतून, दाढ उपटताना डोक्यात येतो तसा. दोघांनीही ऐकला. ते हलले नाहीत.

आणि मग रस्त्यावरून मावशी येताना दिसली. चपला हातात घेतल्या होत्या. धाप लागलेली. ती आली, आमच्या दोघांकडे बघितलं, चपला पायरीखाली नीट ठेवल्या आणि नेहमीच्या जागी, बाबांच्या शेजारी बसली.

"तू कशाला आलीस?" बाबा म्हणाले.

"बसायला."

"वेडेपणा करू नकोस. जा."

"तुम्ही बसा की. रोज बसतो तशी मीही बसते. मला काय घाई आहे?"

"खाली जाणार आहे हे सगळं."

"जाऊ दे. आमच्या घरातलं एक माणूस तुमच्या हातून गेलं, दुसरं गेलं म्हणून काय झालं."

बाबांचा चेहरा मी कधी असा बघितला नव्हता. ते तिच्याकडे बघत राहिले. ती समुद्राकडे. त्या दोघांमध्ये बोलायचा मला हक्क नव्हता. पण ती खोटं बोलत नाहीये, एवढं मला कळत होतं.

ते उठले. खाली वाकून त्यांनी तिच्या चपला उचलल्या आणि तिच्या पायाशी सरळ करून ठेवल्या. "चल," म्हणाले.

मानेपाशी आलो तोवर पाण्याचे तुषार रस्त्यावर येत होते. चालकानं पलीकडून दोर फेकला. पुढे मावशी, मध्ये मी, मागे बाबा, उरलेल्या पट्टीवरून एकामागे एक, दोराला धरून. अर्ध्यावर असताना खाली बसलेला भाग गेला. आवाज नंतर आला. आधी नुसती तिथे जागा झाली आणि तिच्यातून पाणी दिसलं. मावशी थांबली. बाबा मागून म्हणाले, "बघू नकोस. पाऊल टाक. मी आहे." ती म्हणाली, "तुम्ही आहात म्हणूनच भीती वाटते." आणि दादा, आम्ही तिघंही त्या तसल्या ठिकाणी हसलो.

पलीकडे पोचल्यावर चालक भडाभडा ओकला. बाकी कुणाला काही झालं नाही.

मान संध्याकाळी गेली.

धाकटी


८ ऑक्टोबर

दादा,

टोक आता बेट आहे. ओहोटीलाही मध्ये पाणी असतं. ओळ तिकडे तशीच उभी आहे, शाळाही. रेडिओ रोज किनाऱ्यावर जाऊन आपलं घर बघतो आणि आल्या-गेल्याला टोकाची सगळी हकीकत सांगतो. तुझी गोष्ट त्यात येते. "त्या पोरानं तेव्हाच सांगितलं होतं," असं म्हणतो, जणू तो तेव्हाही तुझ्याच बाजूचा होता. मी त्याला काही म्हणत नाही.

आम्हाला गावात दोन खोल्या मिळाल्या आहेत. एकीत मावशी आणि मी, दुसरीत बाबा. मावशी त्यांना अजून मुकादमच म्हणते. वाढते, पण मुकादम म्हणते. ते "हो" म्हणून ताट घेतात. पुढे काय होईल मला माहीत नाही.

अहवालात मी सगळं लिहिलं, भोकं, तडे, दारू. साहेब म्हणाले, दहा सह्या लागतील. मी म्हटलं, लागू देत, आता घाई नाही. बाबांनी स्वतः ऑफिसात येऊन जबाब दिला. "मुलानं दिलेली साक्ष खरी होती" हे वाक्य त्यांनी लिहिणाऱ्याकडून दोनदा वाचून घेतलं. जुनी चौकशी पुन्हा उघडणार आहे. तुला बोलावतील. यायचं की नाही ते तू ठरव.

मी तुझी बाजू इतकी वर्षं ऐकून घेतली नाही, याबद्दल तुझं काय म्हणणं असेल ते मला समोरासमोर ऐकायचं आहे. कधी, तेही तूच सांग.

हे पत्र मी टपालात टाकत नाहीये. बाबा घेऊन निघाले आहेत. मी बरोबर येते म्हटलं, तर म्हणाले, "तू मध्ये असलीस की मी तुझ्याशीच बोलत बसेन." पत्ता मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला आहे. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलेलं नाही, निदान मला सांगितलं नाही. शर्ट मात्र सकाळपासून दोनदा बदलला. निघताना एवढंच विचारलं, "तो दार उघडेल का?" मी खोटा धीर दिला नाही. माहीत नाही म्हटलं. "नाही उघडलं तर पत्र फटीतून आत सरकवतो आणि जिन्यावर बसतो," म्हणाले. "परतीची बस संध्याकाळची आहे."

म्हणजे तू हे वाचतो आहेस तेव्हा ते तुझ्या समोर आहेत, नाहीतर दाराच्या पलीकडे. मी आणखी लिहीत राहिले तर तेवढा वेळ त्यांना थांबावं लागेल. म्हणून इथेच पुरे करते.

तुझी,
धाकटी